कमरूची होडी आणि नाथाची उघाडी

ज्या माणसाने उभी हयात एसटीत तिकिटं तपासण्यात घालवली, तो निवृत्त झाला तरी त्याच्यातला तपासनीस काही निवृत्त होत नाही. पेणच्या नाथा म्हात्रेचं तसंच झालं होतं. दूधवाल्याने हसून नमस्कार केला की नाथा आधी दुधात बोट बुडवून बघायचा. शेजारचे प्रवीण गुरुजी एकदा म्हणाले, "नाथाभाऊ, तब्येत छान दिसते हो तुमची," तर ह्या गृहस्थाला जेवण गोड लागेना. ह्याला माझ्याकडून नेमकं काय हवंय? आणि गंमत अशी, की संध्याकाळी गुरुजी खरंच शिडी मागायला आले. नाथाचे संशय असे अधूनमधून खरे ठरायचे, तीच तर पंचाईत होती. कायम खोटे ठरले असते तर माणूस सुधारला तरी असता.

अशा माणसाला जगात एक मित्र होता, रोह्याचा कमरुद्दीन धनसे. ती मैत्रीही तपासणीतच जमलेली. पेण-रोहा गाडीत नाथाने त्याला बिनतिकिटाचा म्हणून धरलं, तेव्हा कमरूने तोंडातून तिकिटाचा चावलेला गोळा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "काढलंय की तिकीट. बघा उलगडून." नाथाने खरंच उलगडून बघितलं. आपल्याकडे इतकं लक्ष देणारा माणूस कमरूला आयुष्यात दुसरा भेटला नव्हता. पुढे तो कुवेतला गेला, परत आला, घर बांधलं, गाडी घेतली, आणि तेव्हापासून नाथाचा गणपती हमरापूरच्या कारखान्यातून कमरूच्या गाडीतून घरी येऊ लागला.

ही गणपतीची बाब नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलंय. नाथाची मूर्ती शाडूची, चांगली ऐसपैस. ती डिकीत ठेवायची नाथाची छाती नाही. म्हणून तो पुढच्या सीटवर बसतो आणि मूर्ती मांडीवर घेतो. मग त्याला समोरचा रस्ता काही दिसत नाही. खड्डा आला की कमरू ओरडतो, "उचल!" आणि नाथा मूर्ती मांडीवरून अधांतरी उचलून धरतो. गचका नाथाला बसतो, देवाला नाही. आमच्या रस्त्यांची कीर्ती तुम्हाला ठाऊक आहेच, तेव्हा "उचल" फारसं थांबत नाही. नाथा मात्र दर वेळी मान वाकडी करून, मूर्तीच्या कानाआडून डोकावून बघणार, की खड्डा खरंच आहे ना?

"अरे बाबा, मी देवाशी मस्करी करीन काय?" कमरू म्हणायचा.

"देवाशी नाय, माझ्याशी करशील."

तर ह्या दोघांच्या फोनवर नाथाच्या मुलाने, विशालने, ईदच्या दिवशी एक गेम टाकून दिला. दोघंही पहाटेपासून त्याला सुविचार आणि औषधी वनस्पतींची माहिती पाठवायचे. त्यातून सुटका व्हावी एवढाच बिचाऱ्याचा हेतू. गेममध्ये दोन बुटके असतात, एक लाल टोपीचा, एक निळ्या टोपीचा. दोघांच्या मधे भिंत. तुमच्या फोनवर फक्त तुमचीच बाजू दिसते. मित्राच्या कुलपाची खूण तुमच्या भिंतीवर कोरलेली, आणि तुमच्या दाराचा खटका त्याच्या पायाखाली. एकमेकांना बोलून सांगायचं, ऐकायचं आणि दोघांनी मिळून पुढे सरकायचं. थोडक्यात, समोरच्यावर विश्वास ठेवल्याशिवाय एक पाऊल पडायचं नाही. असला गेम पोटच्या पोराने आपल्याच बापाला का द्यावा, असा संशय नाथाला आलाच.

सुरुवातच बघा. गेमने नाव विचारलं. नाथाने 'नाथा म्हात्रे' असं व्यवस्थित टाकलं. तर उत्तर आलं, की हे नाव आधीच कोणीतरी घेतलंय. कोणी घेतलंय? पेण तालुक्यात म्हात्रे काय कमी आहेत? नाथाने ओळखीच्या सगळ्या म्हात्र्यांकडे आडून आडून चौकशी केली. एकाने तर विचारलं, "इस्टेटीचा काय वाद हाय का?" शेवटी नाथाला 'नाथा म्हात्रे खरा' असं नाव घ्यावं लागलं. आपल्याच नावापुढे 'खरा' लिहायची पाळी आली, हे त्याच्या मनाला फार लागलं.

पण गेम मात्र लागला हो! जेवण झालं की नाथा बाल्कनीत, कमरू तिकडे रोह्याला ओटीवर. "माझ्याकडं मासा, मासा, बगळा." "थांब, मी बगळा फिरवतो." दार उघडलं की दोघं इतक्या जोरात ओरडायचे, की गुरुजींचं मांजर गॅलरीतून उडी टाकायचं.

नाथाची बायको जनी शेजारी वालाचं बिरडं सोलत बसलेली असायची. मधेच म्हणायची, "अवो, तो बगळा नाय, तुतारी हाय. वाकडी बघा कशी." बघितलं तर तुतारीच असायची. ह्याला मदत म्हणत नाहीत. बायको घरात असते, तिला तोंड असतं, त्यातून शब्द बाहेर पडतात. त्यावर नवऱ्याचा काय इलाज? नाथाचा ह्याबाबतीत हिशेब अगदी स्वच्छ होता.

कमरूचा मात्र नव्हता. आधी हा माणूस उजवं-डावं सांगताना सुद्धा अडखळायचा, आणि आता बघावं तर खुणा फटाफट ओळखतोय. फक्त उत्तर देण्याआधी जरासा थांबतो. त्या थांबण्यात काहीतरी कुजबुज. तपासनिसाच्या कानाला असली कुजबुज लगेच कळते, मागच्या सीटवर तिकीट सरकवताना होते तशी. नाथाने ताडलं, कमरूने शिकवणी लावलीय. दोघांचा म्हणून ठरलेल्या खेळात हा माणूस तिसरा घुसवतोय!

अशात तो पाण्याचा टप्पा आला.

नाथाचा लाल टोपीवाला एका बांधावर उभा. बाहेर पाणी, आणि ते चढत चाललेलं. बांधात एक झडप. कमरूचा निळा टोपीवाला आतल्या कोरड्या खड्ड्यात, चिखलात रुतलेल्या होडीशेजारी.

"झडप उघड," कमरू म्हणाला.

"भरती हाय," नाथा म्हणाला.

"असू दे. उघड."

"अरे भरती हाय!"

आता हे पुण्यामुंबईच्या माणसाला समजायचं नाही. नाथाचं गाव खाडीकाठचं. तिथं शेताच्या बांधात अशीच झडप असते, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघडायची, शेतातलं पाणी बाहेर काढायचं. भरतीला घट्ट मिटायची. भरतीला उघाडी उघडी राहिली तर खारं पाणी भातात शिरतं आणि पुढची काही वर्षं त्या शेतात डोकं आपटा. नाथाच्या लहानपणी त्याच्या आजोबांनी ह्या एका गोष्टीपायी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं. आणि इथं कमरू म्हणतोय, उघड! तेही तो स्वतः खड्ड्यात उभा असताना!

"बुडशील रे!"

"नाय बुडणार. मी सांगतो ना."

"तू सांगतोस की तुला कोणी सांगतंय?"

नाथाने उघाडी उघडली नाही. तो सल्ला घ्यायला बाहेर पडला. गावाकडचे कान्हू काका बाजारात भेटले. सगळं ऐकून त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि विचारलं, "भरती हाय ना? मग उघाडीला हात लावायचा नाय. कोण सांगतो उघड म्हणून? तो आपल्या वाईटावर हाय." प्रवीण गुरुजींनी पाण्याचा दाब ह्या विषयावर तासभर बोलून शेवटी, "शिडी लावून बघितली का?" असं विचारलं. जनी दारातून म्हणाली, "मी सांगू काय?" नाथा म्हणाला, "तू बिरडं सोल. हा शेतीचा प्रश्न आहे."

मग नाथाने गेमवाल्या कंपनीला रीतसर अर्ज लिहिला. 'विषय : भरतीचे वेळी उघाडी उघडण्यास भाग पाडलेबाबत.' त्यावर इंग्रजीत आभार आले, खाली एक हसरा पिवळा चेहरा. "ह्यात हसण्यासारखं मी काय लिहिलं?" नाथाने घरात सर्वांना विचारलं, म्हणजे जनीला. पाठोपाठ सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली, 'रहिवाशांनी बाल्कनीतून कोणासही बुडविण्याविषयी मोठ्याने बोलू नये.' नाव लिहिलं नव्हतं. पण येणारा-जाणारा फळा वाचायचा आणि नाथाच्या बाल्कनीकडे बघायचा. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांना खाली उतरवलं, त्याला आता जिना उतरताना मान खाली घालावी लागली.

आणि मग व्हायचं ते झालं.

"नाथा, तुझा माझ्यावर भरोसा नाय," कमरू फोनवर म्हणाला. आवाज दुखावलेला.

"तुझ्या शेजारी कोण बसतंय, ते सांग आधी."

"आणि तुझ्या शेजारी?"

"जनी बिरडं सोलते."

"रोज बिरडं?"

हा घाव वर्मी बसला. नाथाच्या तोंडून जाऊ नये ते गेलं. "खोटारड्याच्या गाडीतून माझा गणपती यायचा नाय!"

"मग कर रिक्षा!" कमरूने फोन ठेवला.

चतुर्थी तोंडावर आलेली. नाथा ताठ मानेने नाक्यावर गेला आणि शिवा रिक्षावाल्याशी बोलला. शिवा म्हणाला, "आणू की. तुम्ही मांडीवर घ्या."

"खड्डा आला की सांगशील ना?"

"खड्डा आल्यावर कळंलच की तुम्हाला."

नाथा तसाच घरी आला. पंख्याखाली बसला, पाणी प्यायला. इतकी वर्षं "उचल" म्हणणारा माणूस गेला, तर ह्या जगात आपल्याला खड्डा सांगणारं कोण आहे? त्याला कमरूची आठवण झाली, अगदी डोळे भरून आले. पण फोन करायचा तर हार मानल्यासारखं होणार. आधी चोर पकडायचा, मग माफ करायचं, असं त्याने ठरवलं. माफ करायला तो अगदी उतावीळ झाला होता.

बेत पक्का होता. गेममध्ये कोण हजर आहे ते हिरव्या ठिपक्याने दिसतं. तेव्हा आपला फोन गेम चालू करून घरी ठेवायचा. म्हणजे कमरूला वाटेल, नाथा पेणमध्येच बसलाय. आणि आपण अचानक रोह्यात!

"कोणी बोललं तर जाड आवाजात नुसतं 'हूं' म्हण," त्याने जनीला बजावलं.

"आणि तुम्ही चालले कुठं?"

"बँकेत."

"आज रविवार हाय."

"बँकेच्या समोर," नाथा म्हणाला आणि सटकला.

एसटीने जावं तर स्टँडवर सगळे ओळखीचे. म्हणून एसटीच्या ह्या इमानी माणसाने मन घट्ट करून रेल्वेचं तिकीट काढलं. तोंडाला मास्क, डोक्याला मफलर, त्यावर गॉगल. घामाने नुसता निथळत होता. तपासनीस डब्यात शिरला तो इतर कोणाकडेही न बघता सरळ नाथासमोर उभा राहिला. "तिकीट." नाथाने हा खिसा बघितला, तो खिसा बघितला. गाडी कासूला थांबली तरी तिकीट मिळेना. समोरच्या रुळावर पेणकडे जाणारी गाडी आली, तिच्या खिडकीत तोंडाला रुमाल बांधलेला एक म्हातारा पेपर उलटा धरून बसला होता. नाथाने सबंध प्रवासात डब्यातल्या एकूण एक माणसावर संशय घेतला, पण त्या म्हाताऱ्यावर घेतला नाही. तिकीट शेवटी मास्कच्या आत सापडलं, दाताखाली. नाथाने तो गोळा मुकाट्याने पुढे केला. तपासनिसाने उलगडून बघायची तसदीही घेतली नाही. नाथाच्या मते ही कामात कसूर होती.

कमरूच्या घराशी तो मागच्या बाजूने, फणसाच्या आडून पोचला. खिडकी उघडीच होती. आतून बाईचा आवाज येत होता, "हां, आता मी होडीत बसले. तू उघड गो बिनधास्त."

हीच ती शिकवणी! नाथा ओटीवरून थेट आत घुसला आणि गरजला, "पकडलं!"

आत कमरूची बायको नूरबानो सोफ्यावर मांडी घालून बसली होती, हातात कमरूचा फोन. तिने मान वर केली. "या भावोजी, बसा. जरा थांबा हां, पाणी चढतंय."

"कमरू कुठाय?"

"बँकेत गेलेत."

"आज रविवार आहे!"

"मीपण तेच बोलले," नूरबानो म्हणाली. "मला सांगून गेले, फोन चालू ठेव आणि खोकत राहा. मी खोकले, तर तिकडून कोणीतरी 'हूं' केलं. हे 'हूं' काय पुरुषमाणसाचं वाटलं नाय मला. म्हटलं, जनीबाय, तूच काय गो?"

फोनमधून जनीचा आवाज खणखणीत आला, "आले काय आमचे तिकडं? नूरबानो, इकडं कमरूभावोजी आलेत गो, तोंडाला रुमाल बांधून! मी लाटणं घेऊनच दार उघडलं. आल्या आल्या ओरडले, 'पकडलं!' म्हणून."

नाथा फोनकडे वाकला. मफलर काढायचंही त्याला सुचेना.

"उघडलीस?" त्याने कसंबसं विचारलं. "भरतीला उघाडी उघडलीस?"

"मग काय करणार? होडी चिखलात रुतलेली, ती पाण्याबिगर तरंगल कशी? तुमच्यात शेती. माझ्या माहेरी मिठागर हाय, आमच्यात भरतीलाच उघडतात. पाणी आत घ्यायचं असतं. मी 'सांगू काय' बोलले, तर तुम्ही बोलले, बिरडं सोल."

नूरबानोच्या हातातल्या फोनवर होडी डुलत डुलत वर आली, निळा टोपीवाला बांधावर उतरला. पहिल्यांदाच दोघं बुटके एका चित्रात शेजारी शेजारी दिसले. दोन्हीकडून बायका इतक्या जोरात ओरडल्या, की पेणला गुरुजींच्या मांजराने नक्कीच उडी टाकली असणार.

"आता ह्यांच्याशी बोला," म्हणून तिकडे जनीने फोन कमरूकडे दिला, इकडे नूरबानोने नाथाकडे.



"काय दिलं जनीवैनीनं खायला, विचारणार नाय?" कमरू म्हणाला.

"बिरडं असंल."

"व्हय. म्हणजे खरंच रोज बिरडं असतं."

नाथाला हसू आलं, ते त्याने दाबलं. "तू नूरबानोला बसवत होतास शेजारी. मला सांगायला काय झालं होतं?"

कमरू थांबला. ह्या वेळी कुजबुज नव्हती. "मला जवळचं धड दिसत नाय रे, नाथा. लांबचं चोख दिसतं, डॉक्टरला विचार. पण फोनवरच्या त्या बारीक खुणा, मासा काय, बगळा काय, सगळं सारखंच. तुला सांगितलं असतं तर तू काय बोलला असतास? बोलला असतास, मग ह्याला खड्डे कसे दिसतात? आणि गणपतीला रिक्षा केली असतीस."

नाथा अगदी हेच बोलला असता. शब्दही हेच असते.

"मी उघाडी उघडली नाय," तो शेवटी म्हणाला, "ते तू बुडशील म्हणून. खोटं नाय सांगत."

"ते मला माहीत हाय रे."

"रिक्षा मी ठरवली नाय अजून. शिवा खड्डे सांगत नाय."

"मग गाडी धुवून ठेवतो," कमरू म्हणाला. त्याचा आवाज एकदम हलका झाला. "तुझ्या सोसायटीच्या कमानीपाशी उभा राहा, उशीर करू नको. आणि माझ्या घरात आहेस तर काहीतरी खा, नायतर नूरबानो माझ्यावर ओरडंल."

एवढ्यात नूरबानोने हात पुढे केला. "झालं असलं तर फोन द्या भावोजी. पुढचा टप्पा आलाय, जनी थांबलीय."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कमरूची गाडी हमरापूरहून निघाली. पुढे नाथा, मांडीवर ऐसपैस गणपती, तोंडावर मखमली रुमाल घातलेला. मागच्या सीटवर जनी आणि नूरबानो, दोघींच्या हातात आपापल्या नवऱ्याचे फोन. दोघी पार पुढच्या टप्प्यांवर पोचल्या होत्या आणि ह्या दोघांना आता खेळायला फोन मिळत नव्हता. नाथाला समोर मखमल आणि शाडूचा एक कान सोडून काही दिसत नव्हतं.

"उचल!"

नाथाने उचलला. गाडीला गचका बसला. त्याने ठेवला.

"उचल!" पुन्हा गचका. सवयीने नाथाची मान वाकडी व्हायला लागली. जवळचं न दिसणारा माणूस हा. खड्डा जवळ आल्यावर ह्याला काय दिसत असेल? लांबून बघून ठेवतो म्हणे. लक्षात तरी राहत असेल का? नाथाने मान कशीबशी सरळ केली आणि डोळे गच्च मिटून घेतले. मिटले तेच बरं, उघडे ठेवले तर संशय आत येतो.

"उचल!"

नाथाने उचलला. गचका बसलाच नाही. गाडी अगदी सरळ, गुळगुळीत चालली होती. मूर्ती जड होती, हात भरून आले, तरी गचका काही येईना. मागे बायकांनीही फोनवरून मान वर केली. नाथाच्या जिभेवर प्रश्न येऊन बसला होता, खड्डा कुठाय? त्याने तो गिळला.

"ठेवू काय?" त्याने विचारलं.

"थांब जरा," कमरू म्हणाला.

नाथा डोळे मिटून, गणपती अधांतरी धरून, थांबला.